बिजागरीच्या चित्रात न मावणारा गुडघा

"दोरी नवीन घातली होती ना, मग पुन्हा कशी तुटली?" एका माध्यमिक शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी आमच्यापैकी एकाला शिक्षकखोलीत चहा पिता पिता हा प्रश्न विचारला. प्रश्न त्यांच्या कबड्डीच्या संघातल्या एका मुलीविषयी होता. नववीत असताना चढाईत एकदम दिशा बदलताना तिचा पाय जमिनीवर रुतला, गुडघा फिरला आणि आतला अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली. सातव्या महिन्यात ती पुन्हा मैदानावर उतरली आणि काही आठवड्यांतच त्याच गुडघ्यातला नवा अस्थिबंधही गेला. शाळेत एकमताने निदान झाले: पोरीने व्यायाम नीट केला नाही. घरच्यांचे निदान वेगळे होते: डॉक्टरांनी दोरी कच्ची घातली.

या दोन्ही निदानांपेक्षा आम्हाला ती 'दोरी' जास्त अस्वस्थ करून गेली. कारण ती सरांची स्वतःची कल्पना नव्हती, ती आम्हीच शिकवलेली होती. आपल्या पाठ्यपुस्तकांत गुडघा येतो तो 'बिजागरीचा सांधा' या सदराखाली, कोपराच्या शेजारी. चित्रात दाराची बिजागरी असते, बाजूला दोन हाडे असतात, खाली एक ओळ असते की या सांध्याची हालचाल एकाच दिशेने होते. अस्थिबंध हाडांना बांधून ठेवतात, हे पुढच्या परिच्छेदात. विद्यार्थ्याच्या मनात यातून जे चित्र तयार होते त्यात हाडे म्हणजे दोन दांडे, मध्ये खिळा आणि वरून दोरी. दांडे मुके, सगळे काम दोरीचे. मग दोरी तुटली की नवी घालायची, आणि ती पुन्हा तुटली तर दोष दोरीचा किंवा ती वापरणाऱ्याचा. हाडाच्या आकाराला काही म्हणायचे असेल, ही शक्यता या चित्रात उरतच नाही.

हे चित्र सोपे आहे म्हणून आमची तक्रार नाही. शाळेत चित्रे सोपी असावीच लागतात. तक्रार अशी की हे चित्र वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या स्वतःच्या गुडघ्याशी ताडून पाहिले तर दोन मिनिटांत खोटे ठरते, आणि तरी आपण ते ताडून पाहत नाही.

ते दोन मिनिटांचे काम आधी करू या. खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात वाकवा, टाच जमिनीवर टेकवून पाऊल आत-बाहेर फिरवा. नडगी स्वतःभोवती फिरते, हाताने धरून पाहिली तर सहज जाणवते. आता पाय सरळ ताणून तसेच करून पाहा. पाऊल फिरते खरे, पण आता ते सगळे खुब्यातून फिरते, गुडघ्यातून नाही. दाराची बिजागरी अर्धे दार उघडल्यावर पिळता येते का? दुसरा प्रयोग थोडा नाजूक आहे. गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर पेनाने एक ठिपका काढा. वाटीच्या खाली चार बोटांच्या आत नडगीवर एक हाडाचा उंचवटा लागतो, त्यावर दुसरा ठिपका काढा. पाय लोंबकळता ठेवून हळूहळू सरळ करा. शेवटच्या टप्प्यात खालचा ठिपका बाहेरच्या बाजूला सरकतो. पाय सरळ होताना नडगी बाहेरच्या दिशेने थोडी वळते आणि सांधा जणू आटे बसल्यासारखा घट्ट होतो. (ज्यांचा गुडघा दुखावलेला आहे त्यांना हे प्रयोग करायला लावू नयेत, हे सांगायला नकोच.)

ही माहिती नवी नाही. विल्हेल्म आणि एदुआर्द या जर्मन वेबर बंधूंनी १८३६ साली माणसाच्या चालण्याच्या यंत्रणेवर ग्रंथ लिहिला. मांडीचे हाड नडगीवर नुसते फिरत नाही, ते चाकासारखे लोळते आणि त्याच वेळी घसरतेही, हे त्यांनी त्यात दाखवले होते. म्हणजे बिजागरीची उपमा अपुरी ठरून पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

आता हाडांकडे वळू. मांडीच्या हाडाचे खालचे टोक म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेली दोन चाके. ती सारखी नाहीत, आतले थोडे लांबट आहे. दोहोंमध्ये मागच्या बाजूला खोल खाच असते. खाली नडगीचा माथा. हा माथा सपाट आहे असे आपण समजतो. तो सपाटही नाही आणि आडवाही नाही. आतल्या बाजूला तो बशीसारखा किंचित खोलगट, तर बाहेरच्या बाजूला उलट किंचित फुगीर. कूर्चेच्या दोन चंद्रकोरी चकत्या या विजोड पृष्ठभागांमध्ये बसून थोडीफार जुळवाजुळव करतात. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे हा माथा पुढून मागे उतरता आहे. कौलारू पडवीचे छप्पर जसे पुढे उतरते, तसा नडगीचा माथा मागे उतरतो. हा उतार माणसागणिक बदलतो. बहुतेकांत तो साधारण सात ते दहा अंशांच्या आसपास असतो, पण काहींत जवळजवळ शून्य आणि काहींत पंधराच्याही वर.

उतारावर वजन ठेवले की काय होते, हे आठवीचा विद्यार्थीही सांगेल. मांडीचे हाड उतारावरून मागे घसरू पाहते. मांडीचे हाड मागे घसरणे आणि नडगी पुढे सरकणे ही एकच गोष्ट, फक्त पाहण्याची बाजू वेगळी. हे सरकणे रोखणारा मुख्य अस्थिबंध म्हणजे पुढचा क्रुसीय अस्थिबंध. खेळाडूंच्या बोलण्यात तो 'एसीएल' असतो. नडगीच्या माथ्याच्या पुढच्या भागातून निघून तो तिरका वर, मागे आणि बाहेर जातो आणि मघाच्या खाचेत, बाहेरच्या चाकाच्या आतल्या अंगाला चिकटतो. बटलर, नोइस आणि ग्रूड यांनी १९८० साली मृतदेहांच्या गुडघ्यांवर मोजमाप करून दाखवले की नडगी पुढे ओढली असता होणाऱ्या विरोधापैकी सुमारे ८६ टक्के विरोध हा एकटा अस्थिबंध करतो. दोरीची कल्पना इथे अगदीच चूक नाही, हेही मान्य करायला हवे. पण दोरीवर किती ताण येणार हे कोण ठरवते? ते बऱ्याच अंशी छपराचा उतार ठरवतो.

फळ्यावर गणित मांडून पाहावे. नडगीच्या माथ्यावर ५० किलो भार आहे असे धरू. सांध्यातल्या कूर्चेचे घर्षण इतके कमी असते की या कच्च्या हिशेबात ते सोडून देता येते. उतार ७ अंश असेल तर उताराच्या दिशेने येणारा घटक ५० गुणिले ७ अंशांची साइन, म्हणजे सुमारे ६ किलो. उतार १४ अंश असेल तर सुमारे १२ किलो. उडी मारून एका पायावर उतरताना भार चौपट झाला, तर हेच आकडे २४ आणि ४८ होतात. प्रत्यक्ष गुडघ्यात स्नायू, चकत्या, वेग, वळण असे पुष्कळ काही असल्याने हे आकडे खऱ्या ताणाचे नव्हेत. तरीही एकाच शाळेतल्या, एकाच वजनाच्या, एकाच पद्धतीने सराव केलेल्या दोन मुलींच्या अस्थिबंधांना एकाच उडीत वेगवेगळे काम पडू शकते, एवढे तरी यातून दिसते. शिवाय लहान कोनांसाठी साइन कोनाच्या जवळजवळ समप्रमाणात वाढते, हा गणिताच्या बाईंचा मुद्दाही फुकटात शिकवून होतो.

फ्रान्समध्ये लियाँ येथे आंरी देजूर आणि मिशेल बोनँ यांनी हाच हिशेब जिवंत माणसांवर पडताळला. रुग्णाला एका पायावर उभे करून त्यांनी बाजूने क्ष-किरण चित्रे काढली आणि नडगी किती पुढे सरकते ते मोजले. १९९४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा: उतार १० अंशांनी वाढला की नडगीचे पुढे सरकणे सुमारे ६ मिलिमीटरने वाढते. खेळणे नाही, उडी नाही, नुसते एका पायावर उभे राहणे.

याच सुमारास अगदी वेगळ्या दिशेने हीच गोष्ट पुढे आली होती, आणि ती आम्हाला फार आवडते. कुत्र्याचा मागचा गुडघा कायम वाकलेला असतो आणि त्याच्या नडगीच्या माथ्याचा उतार माणसापेक्षा खूपच जास्त, २५ अंशांच्या आसपास असतो. मोठ्या जातीच्या कुत्र्यांत हा अस्थिबंध झिजून तुटणे ही नेहमीची तक्रार आहे. नवा अस्थिबंध बसवण्याचे नाना प्रकार करून झाल्यावर अमेरिकेतले पशुवैद्य बार्कले स्लोकम यांनी प्रश्नच उलटा केला. दोरी मजबूत करण्याऐवजी उतारच कमी केला तर? नडगीचा माथा अर्धगोल कापायचा, थोडा फिरवायचा, उतार पाचेक अंशांवर आणायचा आणि पट्टीने पक्का करायचा, अशी ही शस्त्रक्रिया त्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केली. तुटलेला अस्थिबंध तिच्यात पुन्हा बसवला जातच नाही. आज ती कुत्र्यांसाठी जगभर केली जाते. कुत्र्याला 'व्यायाम नीट केला नाहीस' असे म्हणण्याची सोय नसल्यामुळे तर पशुवैद्यांचे लक्ष हाडाकडे लवकर गेले नसेल ना, असा एक खोडकर विचार मनात येतो.

माणसांतली पुनर्रचनेची शस्त्रक्रिया मात्र दोरीचीच राहिली. तुटलेला अस्थिबंध सहसा शिवून जुळत नाही, म्हणून रुग्णाच्याच शरीरातली एखादी कंडरा काढून, दोन्ही हाडांत बोगदे पाडून तिथे बसवतात. पुष्कळदा ही कंडरा मांडीच्या मागच्या स्नायूंची असते. गंमत अशी की तेच स्नायू नडगीला मागे ओढून या अस्थिबंधाला मदत करत असतात. नवी कंडरा बसवल्या दिवशी बळकट असते, पण तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. तिच्यातल्या पेशी मरतात, मग हळूहळू नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी शिरतात आणि ती अस्थिबंधासारखी होत जाते. याला वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो. मधल्या काळात ती मूळच्यापेक्षा दुबळी असते. नेमक्या याच काळात दुखणे थांबलेले असते, सूज उतरलेली असते आणि खेळाडूला वाटते की आपण बरे झालो. बोगदे चुकीच्या जागी पडणे हेही कलम निकामी होण्याचे मोठे कारण आहे. खाच अरुंद असेल तर कलम तिच्या कडेला घासू शकते. म्हणजे इथेही हाड आलेच.

मग उतार जास्त असलेल्यांत कलम खरोखर जास्त तुटते का? सिडनीतल्या वेब, सॅमन, पिंचेव्स्की आदी संशोधकांनी एकाच पद्धतीने शस्त्रक्रिया झालेल्या २०० रुग्णांचा १५ वर्षे मागोवा घेतला. १८१ जणांची उपयुक्त क्ष-किरण चित्रे मिळाली. त्यांचा २०१३ सालचा निबंध या विषयात सर्वत्र उद्धृत होतो: उतार १२ अंश किंवा अधिक असलेल्यांत पुढे पुन्हा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण ५९ टक्के, आणि 'ऑड्स' पाचपट. याच गटाने २० वर्षांनंतर केलेली मांडणी २०१८ साली आली. उतार १२ अंश किंवा त्याहून अधिक असलेल्या किशोरवयीनांत २० वर्षांनंतर शाबूत राहिलेल्या कलमांचे प्रमाण अवघे २२ टक्के निघाले.

असे आकडे वाचले की दोरीच्या चित्रातून निघून माणूस थेट दुसऱ्या टोकाला जातो: हाडातच लिहिले आहे, आता काय उपयोग! म्हणून या आकड्यांचीही थोडी तपासणी करावी लागते. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्राचा याहून चांगला धडा सापडणार नाही.

पहिली गोष्ट 'पाचपट'. ऑड्स म्हणजे शक्यता नव्हे. ते तुटलेल्यांचे न तुटलेल्यांशी गुणोत्तर असते. ५९ टक्क्यांचे ऑड्स ५९ भागिले ४१, म्हणजे सुमारे १.४४. त्याचा पाचवा भाग ०.२९ आणि त्याचे टक्के केले तर सुमारे २२. म्हणजे शंभरात २२ विरुद्ध शंभरात ५९. धोका पावणेतीन पटींच्या आसपास झाला, पाचपट नाही. दुसरी गोष्ट सरासरीची. पुन्हा इजा झालेल्यांचा सरासरी उतार ९.९ अंश होता, न झालेल्यांचा ८.५. फरक दीड अंशाहूनही कमी. उतार कोणत्या रेषेच्या संदर्भात मोजायचा, नडगीच्या पुढच्या कडेच्या, मागच्या की मधल्या अक्षाच्या, यावरच उत्तर काही अंशांनी बदलते. चित्रात नडगी किती लांब आली आहे यावरही बदलते. आतल्या आणि बाहेरच्या बाजूचे उतार वेगळे असतात, ते आणखी वेगळेच. एका दवाखान्यातले १२ अंश दुसऱ्या दवाखान्यात १० असू शकतात. बारा या आकड्यावर दगडी चौथरा बांधण्यात अर्थ नाही. पुढच्या काही अभ्यासांत असा संबंध दिसलाही नाही. २०१८ च्या निबंधातले २२ टक्केही थोड्याच मुलांवरून काढलेले आहेत, कारण दोनशे रुग्णांत किशोरवयीन मुळात कमी, आणि त्यांत तीव्र उताराचे आणखी कमी.

पण सिडनीच्या अभ्यासातली एक गोष्ट बातम्यांत येत नाही आणि आम्हाला तीच सर्वांत बोलकी वाटते. 'पुन्हा इजा' यात त्यांनी दुसऱ्या, कधीही शस्त्रक्रिया न झालेल्या गुडघ्याची इजाही धरली होती. कलम आणि दुसरा गुडघा दोन्ही गमावलेल्यांत उतार सर्वांत जास्त आढळला. दुसऱ्या गुडघ्यात ना कलम होते, ना बोगदे, ना डॉक्टरांची चूक. दोन्ही गुडघ्यांत सारखे होते ते हाड. (अर्थात खेळाडूही एकच होता आणि त्याची खेळण्याची धाटणीही. म्हणून हा पुरावा निर्णायक आहे असे आम्ही म्हणत नाही.)

आता वर्तमानपत्रांच्या क्रीडापानाविषयी थोडे. 'यशस्वी शस्त्रक्रिया, सहा महिन्यांत मैदानावर' हा मथळा आपण सर्वांनी वाचलेला आहे. यशस्वी म्हणजे काय? जखम भरली? गुडघा सैल राहिला नाही? खेळाडू पुन्हा खेळला? खेळून वर्षभर टिकला? या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मथळा छापला जातो तेव्हा यांतली पहिलीच फार तर ठाऊक असते. नामांकित खेळाडूच्या परतण्याची तारीख बातमी होते, त्याचे कलम पुन्हा गेले तर ती दुसरी, सुटी बातमी. दोन बातम्यांमधला दुवा वाचकाने स्वतः जोडायचा. आणि आमच्या अनुभवात गावातले पालक आणि क्रीडाशिक्षक 'सहा महिने' हा आकडा उचलतात तो इथूनच.

महिन्यांविषयी जे माहीत आहे ते वेगळे आहे. ऑस्लो आणि डेलावेअर इथल्या संशोधकांनी १०६ रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेऊन २०१६ साली दाखवले की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे लांबवलेल्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचा दर ५१ टक्क्यांनी कमी होतो. मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद दोन्ही पायांत सारखी झालेल्यांतही इजा कमी होत्या. हाडाचा उतार बदलता येत नाही असे नाही. वारंवार कलम तुटलेल्या, तीव्र उताराच्या प्रौढ रुग्णांत नडगीतून पाचरीसारखा तुकडा काढून उतार कमी करण्याची शस्त्रक्रिया आता काही ठिकाणी करतात. पण ती मोठी शस्त्रक्रिया आहे आणि वाढीची पट्टी उघडी असलेल्या मुलांसाठी तर सहसा विचारातही घेत नाहीत. शाळेच्या हातात उरतात ते महिने, स्नायूंची ताकद आणि उडीवरून उतरण्याचे शिक्षण. ज्याच्या हाडाचा उतार प्रतिकूल असेल त्याला यांतले काहीच सवलतीत मिळत नाही, एवढाच त्या क्ष-किरण चित्राचा शाळेसाठी अर्थ.

पाठ्यपुस्तकात काय बदलावे? आमची मागणी फार मोठी नाही. बिजागरीच्या रकान्यात कोपर राहू द्यावे आणि गुडघ्याला स्वतःचे एक छोटे चित्र द्यावे. ते बाजूने काढलेले असावे आणि त्यात नडगीचा माथा मागे उतरता दाखवावा. आमच्या एका प्रयोगशाळेतल्या प्लॅस्टिकच्या सांगाड्यात गुडघ्यातून आरपार एक स्क्रू घातला आहे. त्यामुळे तो खरोखरच बिजागरी झाला आहे. तो स्क्रू काढून हाडे नुसती हातात धरली तरी निम्मा धडा होतो. खाली एक फळी, एक पाटी आणि दोन रबरी पट्ट्या एवढ्यात उरलेला. पाटी फळीवर ठेवावी, पट्टीने पुढे बांधावी, फळी तिरकी करत जावे आणि पट्टी किती ताणली ते फूटपट्टीने मोजावे. लाकडावर घर्षण फार असते. फळीला थोडे तेल लावले नाही तर पाटी जागची हलत नाही आणि वर्ग हसतो, हे आम्ही स्वतः अनुभवले आहे.

त्या मुलीच्या नडगीचा उतार किती होता, हे सरांना आम्ही विचारले. कुणी मोजलाच नव्हता. क्ष-किरण चित्र होते, पण ते फक्त बोगदे आणि स्क्रू पाहण्यासाठी काढलेले. दुसऱ्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना एवढे विचारून घ्या, असे आम्ही सुचवले, आणि तोवर तिच्या व्यायामाविषयीची शेरेबाजी शिक्षकखोलीत तरी थांबवावी, असेही. सरांनी दोन्ही गोष्टी मान्य केल्या. मुलगी सध्या सामन्यांत गुणलेखकाच्या टेबलापाशी बसते. तिची फिजिओथेरपीची वही नंतर सरांनीच मागून पाहिली. तिच्यात पहिल्या सात महिन्यांतला एकही दिवस कोरा नव्हता.